दोघांत एक कुंचला

चिरंजीवांच्या आईस सप्रेम नमस्कार.

मी बालवाडीतल्या मुलांचे कुंचले हिसकावले, असे चिरंजीवांनी तुला कळवले. ते असत्य आहे. बाईंच्या संमतीने मी ते निम्मे केले. दोघांत एकच कुंचला असला, की मूल शेजाऱ्याकडे पाहते. आपली नात तिथे कोणाशीच बोलत नव्हती, हे तू जाणतेसच.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी भोकाड पसरले. बाई म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्हीच गप्प करा यांना!" मी माघार घेतली नाही. अखेर दोन आठवड्यांनी नात शेजारणीवर ओरडली, "ए, आता माझी पाळी!"

तुझा गुडघा कसा आहे? शेक चुकवू नकोस.

तारखा दुरुस्त करून घे:
कुंचले निम्मे केले: चार तारखेस, पाच नव्हे.
नात बोलली: अठरा तारखेस.
माझे परतणे: वीस तारखेस नव्हे, "आता तुझी पाळी" असे ती म्हणेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी.