तपासणीपुरती गोळी

बाबा, परवा मी दवाखान्यात गेलो होतो. दुखत काहीच नव्हतं. पन्नाशी जवळ आली, एकदा सगळं तपासून घ्या म्हणून बायकोनंच फोन करून वेळ घेतली होती. बाकावर बसलो आणि तुमची ती वर्षातून एकदा येणारी तपासणी आठवली. जळगाव जामोदला तुम्ही बस चालवायचात तेव्हाची. तिच्या आधीचे आठ-दहा दिवस आपल्या घरात परीक्षेचे असायचे. आई अळणी भाजी करते आहे, तुम्ही लोणच्याच्या बरणीकडे बघतही नाही, रक्तदाबाची गोळी न चुकता घेताय. दाब जास्त निघाला तर हातातलं स्टिअरिंग जाईल, डेपोत बसवून ठेवतील, एवढीच तुम्हाला धास्ती. तपासणी झाली की संध्याकाळी जिलेबी घेऊन यायचात, ‘पास झालो’ म्हणायचात, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. आईनं विचारलं तर सांगायचात, डॉक्टरनंच बंद करायला लावली.

एकदा माझ्या तापासाठी आपण बाजारातल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. मला तपासून झाल्यावर त्यांनी तुमच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघून त्यांनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला आणि पुन्हा मोजलं.

“गोळी काय सायबाले दाखवाले खाता?” ते म्हणाले. “दर महिन्याले येत जा. पाच मिनिटाचं काम आहे.”

तुम्ही बाही खाली करत हसलात. “पास झालो न मी, डॉक्टर. आता काऊन येऊ?”

मलाही तेव्हा तुमचंच खरं वाटलं. तुम्ही धडधाकट होता, सातपुड्याच्या वळणांवरून भरलेली गाडी आणत होता. मग त्या हिवाळ्यात दाढी करता करता वस्तरा हातातून खाली पडला. तो उचलायला तुम्ही वाकलात ते उठलाच नाहीत. अकोल्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि बोलण्यातला एकच शब्द उरला होता, होकाराचा ‘हाव’. भूक लागली का, हाव. नाही लागली का, हाव. आई वर्षानुवर्षं तुम्हाला भरवत राहिली, कूस बदलत राहिली. एका दुपारी तुमचं तोंड पुसताना तिनं हळूच विचारलं, “खरंच डॉक्टरनं सांगतलं होतं का हो, गोळी बंद करा म्हणून?” तुम्ही तिच्याकडे बघत म्हणालात, “हाव.” ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर तिनं तुम्हाला काहीच विचारलं नाही.

परवाच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांतपणे बोलतात. माझा दाब वाढलेला निघाला. गोळी सुरू केली, पुढच्या महिन्याची वेळ दिली. मग त्यांनी विचारलं, वडील कशानं गेले? सोबत आलेली बायको शेजारीच बसली होती. तुम्ही पडलात तेव्हा माझ्याच वयाचे होता, बाबा. हे तुम्हाला कळवायला पत्ता नाही, म्हणून इथंच लिहून ठेवतो. मी त्यांना म्हणालो, वय झालं होतं.