दुसऱ्या पायरीवरचं पाणी

चाचा,

मी तुमच्या मुलाला पुरात पाठवलं होतं. तो परत आला, धडधाकट आहे, काल त्यानं माझ्या स्कूटरचा हॉर्नही दुरुस्त करून दिला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पहिली ओळ वाचून तुमचा जीव टांगणीला लागायचा. माझा अजून लागलेला आहे. वर्गात एखाद्या मुलीनं कंपासपेटी पाडली तरी शिकवणं तुटतं. फळ्याकडे तोंड करून उभी राहते आणि थोड्या वेळानं पुढचं वाक्य आठवतं.

तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. मोंढ्याच्या धान्यबाजारामागच्या तुमच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आता तुमचा मुलगा गाड्यांचं वायरिंग करतो, पण मागची खोली आपल्या हौशी रेडिओ क्लबचीच आहे. रविवारी दुपारी आम्ही सात-आठ जण तिथे जमतो. कुणी विहिरीवरच्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार उकलून एरियल करतं, कुणी करवतीच्या मोडक्या पात्यापासून मोर्सचे संदेश ठोकायची किल्ली करतं. आम्ही तयार केलेला बोलायचा-ऐकायचा एक सेट तर पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात बसवलाय, बॅटरी मोटरसायकलची. लोक विचारतात, हातात मोबाईल असताना हे कशाला? तुम्ही अशा वेळी नुसतं हसायचात आणि विचारणाऱ्याच्या कानाला हेडफोन लावायचात. मला ते जमत नाही. मी वाद घालत बसते.

या भाद्रपदात तीन दिवस पाऊस थांबलाच नाही. सिंदफणा नदी रस्त्यावर आली, वीज गेली, मग एकेक टॉवर बंद पडत फोनही गेले. चौथ्या दिवशी सकाळी तहसीलची जीप दुकानासमोर येऊन थांबली. नदीकाठच्या एका गावाला पाण्यानं वेढलं होतं. माणसं शाळेत जमली आहेत एवढंच कळलं होतं. किती आहेत, आजारी कोण, पाणी कुठवर चढलंय, काही पत्ता नव्हता. बोटी दोनच, आणि त्या मागणारी गावं पाच. जीपमधले साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्यापैकी कुणी तिथं जाऊन बोलू शकतं का आमच्याशी? कळल्याशिवाय बोट कुठं धाडावी?" मी तुमच्या मुलाकडे बोट केलं. मीच म्हणाले, हा जाईल. त्याला पोहता येतं, मला येत नाही, हे कारण खरंच होतं. तो फक्त "जातो की, ताई" म्हणाला आणि डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू लागला. धरणावरच्या एका मासेमाऱ्यानं आपल्या होडीतून त्याला पलीकडे सोडलं आणि होडी लगेच दुसऱ्या गावाकडे वळवली.

मी क्लबचा दुसरा सेट घेऊन तहसील कचेरीच्या खिडकीत बसले. खिडकीतून तार बाहेर काढून लिंबाच्या झाडाला बांधली होती. साडेअकराला त्याचा आवाज आला, खरखरीत, पण शब्दन् शब्द कळत होता. शाळेत साठेक माणसं. एक बाळंतीण, एक म्हातारा तापानं फणफणलेला. "पाणी शाळेच्या दुसऱ्या पायरीला हाय, ताई. सकाळी पहिलीला होतं म्हनतेत. मागच्या भिंतीला..." आणि आवाज तुटला.

खरखर वाढून आवाज बुडाला असता तर मी घाबरले नसते. पण तो कापल्यासारखा गेला, शब्दाच्या मध्यात. मी बोलावते, उत्तर नाही. पाच मिनिटं थांबते, पुन्हा बोलावते. हेडफोनमध्ये कुठल्या तरी दूरच्या स्टेशनची शिट्टी ऐकू येते, कुणीतरी दक्षिणेकडचं आपसांत बोलतंय, म्हणजे माझा सेट चालू आहे. शेजारच्या टेबलावरचा कारकून विचारतो, "मॅडम, काय म्हनतंय गाव?" मी म्हणते, "दुपारी लहरी अशाच जातात, येईल." खोटं होतं ते, चाचा. भरदुपारी त्या पट्ट्यात एवढ्या अंतरावर आवाज बुडत नाही, उलट चांगला येतो. हे तुम्हीच शिकवलं होतंत मला.

मागच्या भिंतीला काय? ते तीन शब्द माझ्या डोक्यात घुमत राहिले. ओल आलीय? चीर गेलीय? की ती पडली, तो बोलत असतानाच? माझ्या डोळ्यांसमोर ती भिंत पडत होती, परत उभी राहत होती, परत पडत होती. मी पेन टेबलावर ठेवलं, आणि मग मला आपला हात दिसला, आणि आठवलं की त्या डब्यात बॅटरीच्या तारेचा जोड मी केला होता. आठवडाभरापूर्वी, रविवारी, घाईत. भाजी घ्यायची होती म्हणून.

मी पंधरा वर्षांची असतानाची ती दुपार तुम्हाला आठवते का? क्लबातली मी एकटी मुलगी. बिस्किटाच्या डब्यात केलेला माझा पहिला रिसीव्हर पहिल्याच झटक्यात बोलला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही तो उचलला, चष्मा कपाळावर सारला आणि मी कथिलाचा डाग देऊन जोडलेली एक तार दोन बोटांनी ओढली. ती हातात आली. "डाग चमकला म्हंजे धरला असं न्हाई, बेटा. ओढून बघायचं." मी सगळ्यांसमोर रडायला लागले. चाची आतून चहा घेऊन आल्या आणि तुमच्यावर डाफरल्या, पोरीला कशापायी रडवता म्हणून. तुम्ही मला म्हणालात, "इथं रडलीस तर चालतंय. तिकडं एखादा बुडत असंल आन् आवाज बंद पडला, तर मंग कोन रडायचं?" किती वर्षं मला वाटायचं, तुम्ही त्या दिवशी उगीच कठोर झालात.

त्या रविवारी मी तार ओढून बघितली नव्हती. मी खूप आठवून पाहिलं. नव्हतीच.

एक वाजून गेला असेल, तेव्हा चाची आल्या. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत कचेरीच्या पायऱ्या चढल्या. हातात फडक्यात बांधलेली भाकरी, माझ्यासाठी. बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बेटी, जरा त्याचा आवाज ऐकिव की. सकाळधरनं जीव लागंना." मी त्यांच्याकडे बघून हसले. म्हणाले, "चाची, बॅटरी वाचवतोय तो. बोलेल थोड्या वेळानं." त्यांनी मान हलवली. मला भाकरी खायला लावली. त्या समोर बसून बघत होत्या आणि मी घास गिळत होते, एका कानाला हेडफोन, त्यात काही नाही. तेवढी भ्याले नव्हते मी कधी. तुमची मय्यत दुकानासमोरून निघाली तेव्हाही नाही.

दोन वाजायला आले असताना खटका झाला. मग खोकला. मग, "ताई, ऐकू येतंय का? मागच्या भिंतीला चीर गेलीय, लई मोठी. पोरं-म्हातारी पुढच्या वर्गात घेतलीत. बोट धाडा, आत्ताच धाडा." मी साहेबांच्या टेबलाकडे अक्षरशः धावले. दोन्ही बोटी तिकडे वळल्या. मी हेडफोन चाचींच्या कानाला लावला. त्या ऐकत राहिल्या आणि मला म्हणाल्या, "खोकतोय गं. टॉवेल नेला न्हाई त्यानं." दिवे लागायच्या आत सगळी माणसं बाहेर आली, बाळंतीण आणि बाळसुद्धा. भिंत त्यानंतर पडली की नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं डबा माझ्यासमोर उघडून ठेवला. "बॅटरीची तार सुटली हुती. शाळेतल्या खिचडीच्या गॅसवर पेचकस तापिवला आन् चिकटिवली. पहिल्या चार खेपा न्हाई धरली, तवर जीव निस्ता..." मी विचारलं, "तो जोड कुणाचा होता, माहीत आहे ना तुला?" तो म्हणाला, "हाय की. पर निघताना म्या बी कुठं ओढून बघितली?" आणि डबा मिटला. तो विषय त्याच्यापुरता संपला. तुमच्यापेक्षा मऊ आहे तो, चाचा. मला त्या मऊपणाचीही भीती वाटते.

हे पत्र कुठं धाडायचं असतं, मला माहीत नाही. असतं तरी धाडलं नसतं. लिहून झालं की शाळेच्या जुन्या पेपरांच्या गठ्ठ्यात जाईल ते. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्याच्याजवळ नाही, चाचींजवळ तर नाहीच. हेडफोनमध्ये त्याचा खोकला ऐकू आला, तेव्हा तो जिवंत आहे हे मला नंतर सुचलं. सगळ्यांत आधी सुचलं ते एवढंच, की आता चाचींना काही सांगावं लागणार नाही.