शालूचा जुना रिपोर्ट

४ मार्च
लग्नाला अकरा वर्षं झाली, शालू एकदाही आजारी पडली नाही! एचआयव्ही दोघांनाही — निदान कागदावर तरी. मी रोज गोळी घेतो, ती काहीच घेत नाही. आज औषध-केंद्रातल्या मॅडमनी पुन्हा विचारलं — "बायकोले कावून आनत नाही तुमी?" घरी येऊन सांगितलं, तर म्हणाली, "मले काय धाड भरली?"
हेच तर खुपतं.

५ मार्च
आमचं अकोल्याला पॉझिटिव्ह लोकांच्या वधू-वर मेळाव्यात जुळलं. तिथे पत्रिका नाही, रिपोर्ट पाहतात. आज कपाटातून तिचा काढला. नुसती झेरॉक्स, आणि नावाची ओळ जराशी तिरपी! राजापेठेत वीस वर्षं झेरॉक्सचं दुकान चालवतोय. नावावर पट्टी चिकटवून दुसऱ्याचं नाव कसं घालतात, ते मला कोणी शिकवू नये.

७ मार्च
पहिला नवरा याच रोगाने गेला, एवढं खरं. माहेरी नकोशी झाली, म्हणून खोटा कागद घेऊन माझ्या गळ्यात पडली असेल. आणि दोघंही असे, म्हणून मूल नको, हे मी ठरवलं. तेव्हा रडली होती, पण बोलली नाही. का नाही बोलली?

८ मार्च
तपासणीला चल म्हटलं. "संशय येते माह्यावर?" मग स्वतःच गाडीवर येऊन बसली. रक्त दिलं.

१९ मार्च
पॉझिटिव्हच आहे. पण रक्तात व्हायरस सापडत नाही!
चोरून गोळ्या घेत असेल, असं मी बोलून गेलो. डॉक्टर हसले. दोन-तीनशेंत एखाद्याचं शरीर आपणच व्हायरसला दाबून धरतं म्हणे, वर्षानुवर्षं. कसं, ते अजून पुरतं कळलेलं नाही. तरी तो आत लपून असतोच, म्हणून गोळ्या तिलाही सुरू केल्या.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येईपर्यंत शालू मागे बसून रडत होती. माझ्या संशयामुळेच, दुसरं काय.

२० मार्च
संशयामुळे नाही, आज तिनंच सांगितलं. जुना रिपोर्ट चुकीचा आहे, आपल्याला काही नाही, असंच ती इतकी वर्षं धरून होती. म्हणून केंद्रावर यायची नाही.
मग मेळाव्यात कशाला आलीस?
"घरच्यांनी धाडलं. मी तं वापस जानार होती. तुमी दिसले — मंग थैलीतून रिपोर्ट काढला."