पाचवं तिकीट

चिमे,

दुकानात लवकर चाललोय, शाळेचे गणवेश आज शिवून द्यायचेत. दूध तापवून ठेवलंय.

उद्या तुम्ही दोघं मुलांना पार्कला नेणार, त्याची तुझी यादी फ्रिजवर वाचली. दुपारनंतरचं स्वस्त तिकीट, पाणी घरून, खाऊ कोटाच्या आतल्या खिशात. अगदी आईवर गेलीयस! तिच्या कोटाला तो खिसा मीच शिवला होता, अख्खा पाव लपायचा त्यात. तुम्ही दोघी मोठ्या पाळण्यात वर गेलात की मी गेटबाहेरच्या बाकावरून पिवळी छत्री हलवायचो. तू वरून एवढी ओरडायचीस की तिकीटवाला हसायचा.

यादीत शेवटी लिहिलंयस, ‘तिकिटं चारच, बाबांना चक्कर येते.’ तुझी चूक नाही, मीच तसं सांगायचो. पण मला चक्कर कधीच येत नव्हती गं. एक तिकीट वाचायचं, एवढंच.

आईला ते ठाऊक होतं. घरी आल्यावर वरून काय काय दिसलं ते मला सगळं सांगायची. आपलं दुकानही दिसतं म्हणे.

ओट्यावर पैसे ठेवलेत, पाचवं तिकीट काढ. मला बघायचंय, खरंच दिसतं का.

बाबा