बघणारी कुठे बसली होती?

प्रिय मास्तरीणबाई,

अजून झाली नाहीस, पण हाक मारायची सवय आत्तापासून लावून घेते. तुझी लेक खुशाल आहे. गालात घास साठवून घरभर हिंडते, खारू हे नाव सार्थ करते. बालशिक्षणाच्या शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर तुला ताप नको म्हणून फोनवर काही बोलले नाही, पण गेले काही दिवस मी घाबरले होते.

तुझे बाबा जाऊन वर्ष होत आलं, तरी त्यांची खुर्ची मी खिडकीपाशीच ठेवली आहे. दुपारची झोप झाली की खारू त्या रिकाम्या खुर्चीसमोर जाते, खुर्चीच्या हातावर हलकेच थोपटते, मान वाकडी करून काहीतरी ऐकते आणि हसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातलं भांडंच पडलं. शेजारीण म्हणाली, लहान मुलांना गेलेली माणसं दिसतात. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली आणि त्याहून जास्त हेवा वाटला. इतक्या वर्षांचा संसार माझा, आणि दिसायचं ते नातीला?

मग तुझा अभ्यास आठवला. सुट्टीत तू मला समोर बसवून समजावायचीस: मूल काय करतं ते आधी लिहायचं, त्याचा अर्थ नंतर. 'हट्टी आहे' हे पाहिलेलं नाही, वाटलेलं आहे. आणि एकच अर्थ सुचला तर थांबायचं, आणखी काय असू शकेल ते स्वतःला विचारायचं. मी म्हणायचे, चार पोरं सांभाळायला एवढा कीस कशाला काढायचा? आता मीच काढायला बसले. पाहिलं ते: थोपटते, ऐकते, हसते. वाटलं ते: तिचे आबा आलेत. आणखी काय? काही सुचेना. मनी वसे ते स्वप्नी दिसे, दुसरं काय सुचणार.

तुझ्या पहिल्या निरीक्षणावर तुला शिकवणाऱ्या बाईंनी शेरा मारला होता ना, वर्गातलं सगळं लिहिलंस, पण बघणारी कुठे बसली होती? तू रडकुंडीला आली होतीस आणि मी बाईंना नावं ठेवली होती. काल तो शेरा मला लागू पडला. मी दाराआड उभी होते. खारूने खेळण्यातली कपबशी खुर्चीवर ठेवली, थोपटलं आणि म्हणाली, "अहो, चहा गार होतोय."

आबांना ती कायम 'ए आबा' म्हणायची. या घरात त्यांना अहो म्हणणारं माणूस एकच. म्हणजे थोपटणारी, मान वाकडी करणारी, हसणारीही मीच. मला वाटायचं, मी हे मनातल्या मनात करते.

पोरीला कुणी दिसत नाही गं. तिला मी दिसते. तिचं काही बिघडलेलं नाही, मुलं पाहतात तसं करतात, हे तूच शिकवलंस. परीक्षा नीट दे, अर्ध्यात सोडून धावत येऊ नकोस. पण संपली की ये, आणि या वेळी खारूसाठी नको, माझ्यासाठी ये. मला एकटीला झेपत नाही. बघणारी कुठे बसली आहे तेही लिहून टाकते: खुर्चीसमोर. ओट्यावर चहाचे दोन कप भरलेले आहेत, आणि खारू दूध पिते.

तुझीच,
आई