रतनशेजारी चिंगी

उर्से, ता. १४ जून १९६४

ती. हौशीरामदादांस,
मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

रतनला तुमच्याकडं ठेवून आले खरी, पण घर सुनं लागतंय. आठ वर्षांची झाली, हितल्या शाळेत तिला एक सोबतीण न्हाई मिळाली. कुणाच्या नजरेला नजर देत न्हाई, आपण बोलू तेच परत बोलते, घंटा झाली की कान झाकते. मास्तर म्हणाले, घरीच ठेवा. सासूबाई येडी म्हणतात. तुमच्या वर्गात ती चार अक्षरं कमी शिकली तरी चालंल, तिच्याशी खेळणारं एक तरी पोर मिळू द्या.

माझ्यावर लोभ आहेच, तो पोरीवरही असावा.
आपली धाकटी,
मुक्ता

लोणावळे, ता. १३ सप्टेंबर

चि. सौ. मुक्ता हिस अ. उ. आ.

रतनची प्रकृती उत्तम. पहिली चूक माझीच झाली. वर्गातल्या मुलींना मी तिच्याशी खेळायला लावले. त्यांनी हात धरून ओढले, ती एकीला चावली. मग सगळ्याच लांब राहू लागल्या.

डोंगरावरच्या ठाकरवाडीची चिंगी वर्गात मागे एकटी बसते. तिच्या बोलण्याला मुली हसतात, म्हणून गप्प असते. रतन सागरगोटे रांगेत मांडत होती. चिंगीने रांग न मोडता शेवटी आपला एक ठेवला. रतनने तो राहू दिला. आठवडाभर असेच चालले. मग चिंगीने विचारले, "म्या हितं बसू?" रतनने त्याच सुरात म्हटले, "म्या हितं बसू?" चिंगीला वाटले, हीही चिडवते. ती उठून गेली, ती तीन दिवस आलीच नाही.

मी वाडीवर गेलो. तिच्या आईसमोर, सावित्राबाईंसमोर, तिला सांगितले की रतन माझेही बोलणे असेच परत म्हणते. चिडवणे तिला येतच नाही. चिंगी म्हणाली, "म्हंजी हसत न्हाई ती मला?" मी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी ती आली. आता दोघी जवळ बसतात, डबाही एकत्र खातात.

घरी सर्वांस यथायोग्य.
तुझा,
दादा

उर्से, ता. ४ ऑक्टोबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

डब्याचं सासूबाईंच्या कानावर गेलं. ठाकराच्या पोरीसंगं जेवते म्हणून लय बोलल्या. यांचंही म्हणणं, रतनला परत आणावी. पुढच्या सोमवारी, बारा तारखेला, न्यायला येते. रागावू नये.
मुक्ता

लोणावळे, ता. ७ ऑक्टोबर

चि. सौ. मुक्तास आशीर्वाद. अवश्य ये. मात्र मधल्या सुट्टीच्या आधी शाळेत पोच. मुलगी तुझी आहे, मी अडवणार नाही.
दादा

उर्से, ता. १८ ऑक्टोबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुमच्याशी न बोलताच निघाले, माफी असावी. वर्गाच्या खिडकीतून पाहत होते. आपल्या ताटाला कुणाचा हात लागू न देणारी रतन, तिनं भाकरी मोडली अन् अर्धी चिंगीपुढं ठेवली. चिंगी तिच्या शेळीचं काहीतरी सांगत होती. रतननं शेवटचे शब्द तसेच म्हटले, अन् दोघी हसल्या. रतन एकटी हसते ते मी पाहिलंय. कुणासंगं हसताना पहिल्यांदा पाहिलं.

रतनला न घेता एकटीच बेगडेवाडी स्टेशनावर उतरले. घरी पाहिलं तसं सांगितलं. रतन तिथंच राहील अन् दिवाळीला चिंगीला घेऊन येईल, असंही सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत होते. सासूबाई उठून आत गेल्या.

सावित्राबाईंना माझ्या नावानं विचारावं, पोरीला चार दिवस पाठवाल का म्हणून. सासूबाईंनी अजून व्हय म्हटलेलं न्हाई. पण आज त्यांनीच माळ्यावरून लहान पोरांचे जेवायचे पाट काढून धुतले. दोन धुतले.

आपली,
मुक्ता