दोष कुणाच्या माथी

सोमवार, ५ नोव्हेंबर १८९४
"खाणीतल्या भावांनो, आपली माणसं मेली की साहेब लोक त्याला अपघात म्हणतात, आणि आपण टोप्या काढून गप्प उभे राहतो." उद्या चॅपलमध्ये बोलायला एवढंच लिहून झालं. तीन शवपेट्या आमच्याच गल्लीतून गेल्या. वायू पेटला. हवेचा पंखा मॅनेजरने अर्ध्यावर ठेवला होता — बॉयलरचा कोळसा वाचावा म्हणून! कोळशाच्या खाणीत!

मंगळवार, ६
घसा बसेपर्यंत बोललो. मागणं एकच — या मृत्यूंच्या चौकशीला बसणाऱ्या ज्युरीने निकालात 'कल्पेबल' हा शब्द लिहावा.
घरी धाकटा भाऊ कथबर्ट पावाला हात लावत नाही. तो खाणीत तपासनीस. पाळी उतरण्याआधी प्रत्येक जागी दिवा धरून वायू बघायचा, मग कोळशावर खडूने तारीख आणि सही. आई म्हणाली, "खा रे. त्या तिघांबरोबर तुलाही पुरू का?"

गुरुवार, ८
चौकशी गुत्त्याच्या माडीवर. ज्युरीतल्या पाववाल्या रॉब्सनने विचारलं, "कल्पेबल म्हणजे काय साहेब? पाप?"
"पाप पाद्र्याला विचारा," चौकशी चालवणारा कोरोनर म्हणाला. "नुसती चूकही नव्हे. धोका माहीत आहे, टाळणं हातात आहे, तरी टाळत नाही — ते वागणं कल्पेबल."
मी मागून ओरडलो, "तेच लिहा!" शिपायाने बाहेर काढलं. बाहेर लोकांनी पाठ थोपटली.

शुक्रवार, ९
आज कथबर्टची साक्ष.
"स्फोटाच्या जागेवर सही तुझी?" कोरोनरने विचारलं.
"माझी."
"त्या सकाळी आत गेला होतास?"
"नाही, साहेब. जागा वाढवल्या, वेळ नाही वाढवला. पाळी खोळंबली तर दुसरा माणूस बघीन, असं मॅनेजरसाहेब म्हणाले. लांबच्या जागी आम्ही आदल्या दिवशीच पुढची तारीख टाकतो. सगळेच टाकतो."
बाकीचे तपासनीस जमिनीकडे बघत होते. मला हे ठाऊक नव्हतं. भाऊ एका छपराखाली राहतो, आणि मी पंख्यावर भाषणं ठोकत होतो.

शनिवार, १०
शब्द लिहिला. कथबर्टच्या नावापुढे. मॅनेजरची म्हणे अंदाजाची चूक. भावाला बेड्या घालून नेलं. आई म्हणाली, "मिळाला ना तुला तुझा शब्द?"
भावांनो, कथबर्टच्या शेजारी मॅनेजर आरोपी म्हणून उभा राहीपर्यंत कुणीही खाली उतरू नका.